तिसऱ्या रविवारचा पाठ

आमच्या पाळकसाहेबांचं प्रत्येक मनन, म्हणजे रविवारचं प्रवचन, दोन भागांत असतं. पहिल्या भागात नियमशास्त्र, दुसऱ्यात सुवार्ता. आधी माणसाला त्याचं पाप असं दाखवायचं की त्याला पळायला वाट राहू नये, मग सांगायचं की ख्रिस्ताने ते उचललं आहे, आता ऊठ. आमच्या लूथरन मंडळीत सगळेच पाळक हे शिकून येतात, पण ह्यांचा पहिला भाग नेहमी लांबतो. मी, त्यांची बायको, चेष्टेने म्हणते, आधी धोपटून काढता आणि मलम लावायची वेळ आली की घड्याळ बघता. हे हसत नाहीत. म्हणतात, जखम नीट दिसलीच नाही तर मलम लावणार कुठे.

आगमनकाळात नाताळाआधीच्या चार रविवारांचे चार पाठ मंडळीने नेमून दिलेले असतात. पाळकाच्या आवडीनिवडीला तिथे जागा नाही. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मनन लिहितात आणि लिहिलं की मला वाचून दाखवतात. मी पडद्यांच्या दुकानाचं शिवण घरी आणते, त्यामुळे माझे हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. जिथे माझं मशीन थांबतं तिथे काहीतरी बिघडलं आहे असं हे धरून चालतात.

ह्या वर्षी तिसऱ्या रविवारी पाठ होता बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. योहान तुरुंगात पडला आहे. ज्याची वाट तयार करण्यात त्याने आयुष्य घालवलं, तो प्रभू बाहेर गावोगाव फिरतो आहे आणि ह्याच्याकडे फिरकत नाही. शेवटी योहान आपल्या शिष्यांकरवी विचारतो, येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघावी.

आमचा मुलगा उन्हाळ्यापासून तुरुंगात होता. आगमनकाळ लागण्याआधीच ह्यांनी त्या पाठाचं मनन मला वाचून दाखवलं. असा पाठ वाचताना एखाद्या बापाचा आवाज कुठेतरी अडखळला असता. ह्यांचा अडखळला नाही. ह्यांनी लिहिलं होतं की योहानाला स्वतःला शंका नव्हतीच, त्याने शिष्यांच्या भल्यासाठी विचारलं, आपल्या मंडळीचे जुने शिक्षकही असंच सांगतात. मी मशीन थांबवलं आणि विचारलं, तुम्ही तुरुंग आतून बघितला आहे का. हे चष्मा पुसून पुढचं वाक्य वाचायला लागले.

मुलाचं सांगते. तो लिफ्टची देखभाल करायचा. पोरगा नाकासमोर चालणारा, कामाला वाघ, पण त्या दिवशी अंगात कणकण होती आणि लवकर घरी जायचं होतं. एका इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक त्याने न बघताच बघितला म्हणून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती लिफ्ट खाली आली आणि त्यात एक बाई गेली. तिला लहान मुलगी होती. पोलिसांनी धरलं ते त्याच्या जोडीदाराला, कारण पाळी त्याची होती आणि आमच्या मुलाने ती मैत्रीखातर घेतली होती. ते दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि जोडीदाराचं कुणी ऐकून घेत नव्हतं. आमचा मुलगा काही दिवस मूग गिळून बसला. जेवताना ताटाकडे बघत राहायचा. मी समजत होते की मित्राच्या काळजीने वाळला आहे. मग एका सकाळी तो आपल्या पायांनी पोलिसांकडे गेला आणि खरं काय ते सांगून आला. जोडीदार सुटला, हा आत गेला.

मला वाटलं, त्याला त्याच्याच मनाने हे सुचलं. मी रडले, पण छातीही जरा फुगली होती. ह्यांनी त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मुलाचं नाव काढलं की उठून मंडळीच्या कामाला जायचे. भेट एकाआड एक रविवारी, तीही सकाळीच. रविवारी सकाळी पाळक मोकळा नसतो, ह्यापुढे कुणी काय बोलणार. मी एकटी जात होते. उपासनेला पाळकीणबाई दिसत नाहीत म्हणून मंडळीत कुजबुज व्हायची ती होऊ दिली.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा तो काचेपलीकडे येऊन बसला. शर्ट खांद्यावर लटकत होता. भेटीच्या खोलीत मधोमध जाड काच आहे, दोन्हीकडे स्टुलं, आणि बोलायला फोन. फोनची तार इतकी आखूड की पुढे वाकूनच बसावं लागतं. बाजूच्या स्टुलांवर इतर बायका आपापल्या माणसांशी बोलत असतात, त्यामुळे सगळेच ओरडतात. हा हळू बोलत होता. मी दोनदा विचारल्यावर म्हणाला की अन्न गिळत नाही. डॉक्टरने बघितलं, काही सापडलं नाही. उपास वगैरे नाही, हट्ट नाही, फक्त घास वर येतो.

मी सुचेल ते सगळं बोलले. वकील काय म्हणतो, जोडीदाराची आई मला भेटून काय म्हणाली, शिक्षा फार मोठी होणार नाही, तू खरं बोललास, देव बघतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘आई, मी खरं बोललो ते माझ्या मनाने नाही. मी आधी बाबांपुढे पापांगीकार केला होता.’

वेदीपाशी गुडघे टेकून, रीतसर, पाळकापुढे. आमच्यात ती पद्धत आहे, सक्ती नाही, आणि आता फार लोक करतही नाहीत. करणाऱ्याचं ऐकून पाळकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि ख्रिस्ताच्या वतीने क्षमा सांगायची. ऐकलेलं मरेपर्यंत कुणापुढे काढायचं नाही, बायकोपुढेही नाही. माझ्या मुलाने सगळं सांगितलं आणि डोकं पुढे केलं. ह्यांनी हात ठेवला नाही. पाळकाला पापं सोडण्याचा अधिकार असतो तसा धरून ठेवण्याचाही असतो. ह्यांनी सांगितलं, तुझ्याजागी दुसरा आत बसला आहे, तू तिथे जाऊन बोलत नाहीस तोवर मला इथे काही सोडता येणार नाही. हा उठला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

‘मी जाऊन बोललो ना,’ तो म्हणाला. ‘मग बाबा का आले नाहीत?’

तुरुंगाला स्वतःचा पाळक आहे, तो दर आठवड्याला येतो, त्याच्याकडून क्षमा घे म्हटलं. तर म्हणाला, तो भला माणूस आहे, पण ज्याने बांधलं त्यानेच सोडायला हवं. तेव्हा मला राहवेना. आपल्या मंडळीत हेही शिकवतात की गरज पडली तर कोणीही विश्वासणारा दुसऱ्याला क्षमा सांगू शकतो, त्याला पाळकाचा झगा लागत नाही. मी काचेवर तळवा ठेवला आणि फोनमध्ये म्हणाले की ख्रिस्तासाठी तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, सगळ्यांची, ह्याचीसुद्धा. माझा आवाज चांगला स्थिर होता.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू त्याला माझीच कीव आली होती. ‘तुझं मला लागू पडत नाही गं, आई. तू मी सांगायच्या आधीच सोडून दिलं असतंस.’

उठताना म्हणाला, बाबांना एकदा विचार. येणार आहेत का. नसतील तर तसं सांग, मी वाट बघायची सोडून देतो.

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. हे उपासनेहून येऊन चहा करत होते. मी कपडेही न बदलता सगळं ह्यांच्या तोंडावर मारलं. ह्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मुलाने स्वतः मला सांगितल्यावरही ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. गॅस बंद केला, दोन कप भरले आणि कोणा तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं म्हणाले की पाळकाने समजा असं केलं असेल, तर एक निरपराध माणूस आत होता म्हणून केलं असेल. मी म्हटलं, त्याबद्दल मी बोलतच नाही. मी असते तर मीही त्याला हाताला धरून नेलं असतं. पण तो निरपराध माणूस कधीचाच घरी आला. मग हे पाळकसाहेब कशाची वाट बघत होते.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘मी त्याच्यापुढे काय म्हणून जाऊ? पाळक म्हणून गेलो तर तो बापाला शोधेल. आणि बापानेच त्याला आत घातलं.’

त्या क्षणी मला ह्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी पाठ काढला आणि ह्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, प्रभूने योहानाला काय निरोप पाठवला तो वाचा. आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता कळते. सगळ्यांची नावं घेतली. ज्या जुन्या संदेष्ट्याच्या वचनातून हे घेतलं, त्यात तर बंदिवान सुटतात असंही आहे, तेवढंच गाळलं, आणि निरोप कुणाला, तर तुरुंगातल्या माणसाला. ह्यावर लिहा तुमचं मनन. योहानाला शंका नव्हती म्हणे.

मंडळीसाठी मननं लिहून आयुष्य गेलेला माणूस त्या पाठापुढे अडून बसला. संध्याकाळी टेबलाशी बसायचे, चार ओळी लिहायचे, फाडायचे. मला एकदाही वाचून दाखवलं नाही. एकदा उगाच विचारलं, तो जेवत असेल का गं. मी म्हटलं, जाऊन बघा. मी त्या दिवसांत फार कठोर वागले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तिसऱ्या रविवारी, भेटीच्या दिवशी, मी पायांत चपला सरकवत होते तर हे कोट घालून दारात उभे. झगा नाही, गळपट्टी नाही. मंडळीत सुतारकाम करणारे एक वडीलधारे गृहस्थ आहेत, त्यांना उपासना चालवायला सांगितलं होतं. मनन कोण देणार विचारलं तर हे म्हणाले, पाठ वाचतील आणि गप्प बसतील, माझ्याकडे द्यायला काही नाही. बसमध्ये हे खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. बोलण्याची उजळणी चालली आहे हे मला कळायला हवं होतं, पण माझा जीव इतका हलका झाला होता की मी मूर्खासारखी दुकानं बघत बसले.

आत एका वेळी एकाच माणसाला स्टुलावर बसू देतात. हे बसले, मी मागे उभी राहिले. मुलगा आला. बापाला बघून तो दारातच थबकला, मग जवळजवळ धावत येऊन फोन उचलला. तो आणखी वाळला होता. पण त्याचा चेहरा त्या वेळी कसा होता ते मी सांगू शकत नाही.

आणि आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्या भागापासून सुरुवात केली.

मी मागून ऐकत होते आणि माझा विश्वास बसेना. ह्यांनी त्या गेलेल्या बाईपासून सुरुवात केली. तिच्या मुलीचं सांगितलं. मग जोडीदाराचे आतले दिवस, त्याच्या आईचे हाल. मग खोटं म्हणजे काय, ते माणसाला देवापासून कसं तोडतं. आवाज व्यासपीठावरचा नव्हता, तुटत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. हे वाईटपणाने बोलत नव्हते. ह्या माणसाला दुसरा रस्ताच माहीत नव्हता. क्षमा खरी व्हायची तर आधी पाप पूर्ण सांगितलं पाहिजे, नाहीतर ती पोकळ होईल, मुलाला पोकळ काही द्यायचं नाही, म्हणून हे एकेक पायरी नीट उतरत होते. पलीकडे तो मान हलवत होता. प्रत्येक वाक्याला हो, हो. त्याला हे सगळं आमच्याहून जास्त पाठ होतं. तो पुढच्याची वाट बघत होता.

मी ह्यांच्या खांद्याला हात लावला. अहो, दुसरं सांगा, दुसरं आधी सांगा. ह्यांनी खांदा हलवून मला थांबवलं. दोन वाक्यं राहिली असतील नसतील. ह्यांनी श्वास घेतला, पाठीचा कणा ताठ केला, उजवा हात वर उचलला आणि म्हणाले, ‘पण आता...’

घंटा झाली आणि फोन बंद पडले. सगळे एकदमच पडतात, तशी सोय आहे.

मुलाने फोन कानाला तसाच दाबून धरला. मग खाली ठेवला. हे ओरडायला लागले. काचेवर हात आपटत, संपूर्ण क्षमा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. पण त्या वेळी सगळ्याच बायका काचेपाशी जाऊन ओरडत असतात, नीट राहा, पत्र लिही, स्वेटर मिळाला का. तेवढ्यात दोन शिपायांनी ह्यांना दंडाला धरून मागे ओढलं. पलीकडे मुलगा पाठ फिरवून रांगेत उभा राहिला होता. त्याने वळून बघितलं नाही. रांग दारातून आत गेली.

बाहेरच्या फाटकापाशी हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, ऐकलं ना गं त्याने. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, नाही, त्याने अर्धंच ऐकलं, तुमचं पहिलं अर्धं. हे भिंतीवरून सरकत खाली बसले. पुढची भेट नाताळ उलटल्यावर होती. तोवर त्या पोराच्या पोटात काय जाणार होतं, कुणाला ठाऊक. रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघून पुढे जात होती आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. म्हणून मी फाटकावरच्या शिपायाकडे गेले.

तो जाडजूड, डुलकी लागलेला माणूस होता. निरोप न्यायची परवानगी नाही म्हणाला. मी हात जोडले नाहीत, मी नुसती उभी राहिले. तो बराच वेळ मला न बघण्याची खटपट करत होता. शेवटी कंटाळून म्हणाला, त्या कोठड्यांवरून माझी फेरी असते, लांबलचक असेल तर नको, माझ्या लक्षात राहत नाही.

मी ह्यांना उठवून आणलं. हे शिपायासमोर उभे राहिले आणि सवयीने तोंड उघडलं. ह्यांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

‘त्याला सांगा, क्षमा झाली आहे.’

‘कुणी केली?’ शिपायाने विचारलं.

‘देवाने. आणि मी.’

‘अजून काही?’

हे अजून काही नाही म्हणाले.

आम्ही घरी गेलो नाही. रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर बाकडं आहे, तिथे बसलो. बस येत होत्या, जात होत्या. मंडळीत एव्हाना उपासना संपली असेल आणि सुतारकाकांच्या मागे लोक लागले असतील, पाळक कुठे गेले म्हणून. ह्यांनी त्याचा विषय काढला नाही. एकदा माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला, पण मनापासून नाही.

दुपार कलल्यावर तो शिपाई घरच्या कपड्यांत सायकल हातात धरून बाहेर आला. आम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला, पण रस्ता ओलांडून आला. मी आधी विचारलं, तो जेवला का. म्हणाला, ताट तसंच होतं, पण मी गेलो तेव्हा नुकतंच ठेवलं होतं, पुढचं मला माहीत नाही. ह्यांना विचारायचा धीर होत नव्हता. शिपायानेच सांगितलं.

‘दिला निरोप. तर म्हणाला, परत सांगा. परत सांगितला. मग म्हणे, त्यांच्या शब्दांत सांगा. म्हटलं, बाबा रे, त्यांनी एवढेच शब्द दिलेत.’ त्याने सायकलीचं पायडल पायाने मागे फिरवलं. ‘मग विचारलं, ह्या वेळी काही अट नाही ना? मी म्हटलं, मला तरी सांगितली नाही. आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. रडत होता का झोपला, ते मी बघितलं नाही.’

तो सायकलीवर बसला आणि मग एक पाय जमिनीवर टेकून ह्यांच्याकडे वळला. आपल्याकडून काही चूक झाली की काय, अशी त्याला शंका आलेली दिसली.

‘नव्हती ना काही अट?’

‘नाही,’ हे म्हणाले. शिपाई मान हलवून निघून गेला, वळणावर दिसेनासा झाला, तरी हे बाकड्याची कड धरून नाही, नाही म्हणत राहिले.